लांब्याचं खरं नाव

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात आमच्या हाँगकाँगात मेलेली माणसं रस्त्यावर हिंडतात, म्हणून घरात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. नाव कानावर पडलं की तेच नाव घेऊन ती बोलवायला येतात. तो महिनाभर माझा नवरा नुसता 'लांब्या' असतो.

लांब्याने हेरॉइन सोडलंय, आता त्याची तलफ भागवणाऱ्या मेथाडोनवर आहे. रोज दवाखान्यात नर्सबाईंसमोर औषध पितो. त्यांनी मला बजावलं होतं, "यावर दारूचा थेंब नको. आणि विचित्र घोरायला लागला, हलवून उठेना, तर ती झोप नव्हे. लगेच अँब्युलन्स बोलवायची." त्याचा दोस्त बाक-सुम गेल्या साली तसाच घोरत गेला. किती दिवसांनी गाढ झोपलाय म्हणून बायको बिचारी पाय न वाजवता बाजारात गेली होती.

त्या दुपारी औषध घेऊन आल्यावर लांब्याने जिन्याखाली बाक-सुमसाठी भात, भाजलेलं डुक्कर आणि तांदळाची दारू मांडली. वर आला तो तोंडाला वास घेऊनच.

"प्यायलास?"

"एकट्याला पिववत नाही त्याला. जरा साथ दिली," म्हणत तो सोफ्यावर आडवा झाला. मला असा संताप आला, की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं. लांब्या घोरतो तो शिट्टीसारखा. हे ओलं होतं, घशात पाणी अडकल्यासारखं, आणि मध्येच थांबत होतं. ओठ निळे पडले होते.

"लांब्या! ए लांब्या!" गदागदा हलवलं. ढिम्म. अँब्युलन्सला फोन केला, त्याला कुशीवर वळवला.

"नावाने हाक मारा, जोरात!" फोनवरचा माणूस म्हणाला.

आवाज ऐकून आतून आलेल्या सासूबाईंनी माझं तोंडच दाबलं. "खबरदार! दार उघडं आहे!"

मी त्यांचा हात झटकला. "लाउ चिक-हाँग! श्वास घे मेल्या! चिक-हाँग!"

त्याने घेतला. अँब्युलन्स येईपर्यंत मी ओरडत राहिले.

वाचला तो. संध्याकाळी त्याचे कपडे न्यायला मी एकटीच घरी आले. दार लावते न लावते तोच बाहेरून कुणीतरी मायेने हाक मारली, "चिक-हाँग, ये ना. एकट्याला पिववत नाही रे."

 मी दाराजवळ जाऊन म्हणाले, "बाक-सुम भाऊजी, तो येणार नाही. तो आता पीत नाही."

 मग उंबऱ्यापलीकडे कुणीतरी ओलं ओलं घोरायला लागलं.