आकडा विझवणारी वायर

मी एक जुनी वायर आहे. माझ्या पोटात एक लाल आणि एक काळी अशा दोन तारा आहेत. सध्या मी वायरवाल्या मावशींच्या दुकानात, भंगाराच्या बादलीत वेटोळे घालून पडले आहे. उद्या माझे तांबे वितळवायला जाईल. मित्रांनो, त्याआधी माझी हकीकत सांगून टाकते. बदनाम तर मी झालेच, निदान खरे काय ते तुम्हाला कळू दे.

एका मासेमारीच्या बोटीवर मी कामाला लागले तेव्हा जेमतेम आठ हात लांब होते. खाली बॅटरी, शेजारच्या केबिनमध्ये वायरलेस आणि मधे मी. कप्तान बटण दाबून बोलायचा आणि त्याचा आवाज धाकट्या भावाच्या बोटीवर पोहोचायचा. वायरचे कौतुक कोणी करत नाही, पाठ थोपटायची ती वायरलेसची. मला त्याचे फारसे वाईट वाटत नसे. सहा वर्षे मी एकदाही तक्रारीला जागा दिली नाही.

मग कप्तानाचे गुडघे दुखू लागले. सारखे वर-खाली करणे नको, म्हणून त्याने सुकाणूपाशी वर नवी केबिन बांधली. वायरलेस तिथे नेला आणि जोडीला पाण्याची खोली सांगणारे एक यंत्रही बसवले. आता मला वीस हात लांब व्हायला हवे होते. कप्तानाने घरातल्या दिव्याची उरलेली वायर आणली.

"दादा, मावशींना बोलवू या का?" धाकट्याने विचारले.

"दोन तारा पिळायला मावशी कशाला? सोळा वर्षं बोट चालवतोय मी."

त्याने तारा पिळल्या, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तो जोड तळाच्या फळीखाली ढकलून दिला. नेमके तिथेच पाणी साचते. शिवाय दिव्याची ती वायर माझ्याहून बारीक होती आणि तिच्यावर दोन यंत्रांचा भार आला होता. पण माझे कोण ऐकतो?

नव्याचे नऊ दिवस बरे गेले. मग खारट पाणी पट्टीखाली शिरले. बोलायला वायरलेसला एकदम खूप वीज लागते. ती जोडापाशी अडायची आणि खोलीचा आकडा पटकन विझायचा. बटण सोडले की परत यायचा. कप्तानाने आधी बॅटरी बदलली. मग यंत्र दुरुस्तीला धाडले, तर ते ठणठणीत आहे म्हणून परत आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

शेवटी एका दुपारी त्याने फळी उचलली. जोड ओला होता आणि हिरवा पडला होता. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता सुटले मी! त्याने आणखी एक पट्टी वरून गुंडाळली आणि फळी बसवून टाकली.

तेव्हापासून बोटीवर एक रीत पडली. बंदराच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा होता. तो ओलांडताना कप्तान वायरलेसला हात लावत नसे. बोलायचे किंवा बघायचे, दोन्ही एकदम नाही. धाकटा गमतीने म्हणायचा, "पट्टा आला की दादा मौन धरतो." दादा हसून वेळ मारून न्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

दोन वर्षे अशीच गेली. मग एका सकाळी दाट धुके पडले. दोन्ही बोटी परत येत होत्या. धाकट्याचे खोलीचे यंत्र बंद होते आणि त्याची बोट जड, तिला पाणी जास्त लागे. पट्टा अजून लांब होता तेव्हाच कप्तान वायरलेसवर म्हणाला, "माझ्या मागून ये. उथळ लागलं की मी सांगतो."

मी शहारले. आकडा उतरू लागला. चार मीटर, तीन, अडीच, दोन. आमची बोट तरली असती, धाकट्याची नाही. कप्तानाने बटण दाबले. आकडा विझला आणि त्या दिवशी वायरलेसही विझला. जोडातून वीज पुढे जाईचना. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. कप्तान मागे वळून ओरडत राहिला, पण दोन इंजिनांच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? मागून वाळूवर घासल्याचा लांबच लांब आवाज आला.

दुपारी पाणी चढल्यावर धाकट्याची बोट सुटली. आदळताना त्याचे मनगट मोडले होते. धक्क्यावर उतरून त्याने एकच विचारले, "दादा, तू हाक का नाही मारलीस?"

"वायरनं दगा दिला," कप्तान म्हणाला.

सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले. ते माझ्या मनाला फार लागले.

दुसऱ्या दिवशी वायरवाल्या मावशी आल्या. त्यांनी फळी उचलून जोड सोलला. आत तांबे राहिलेच नव्हते, नुसती हिरवी भुकटी होती.

"लांबी वाढवलीत, मग जाडी कोण वाढवणार? आणि दोघांना एका ताटात जेवायला बसवलंत!" मग त्यांनी पट्टीचे टोक बोटांत धरले. "खालची जुनी आहे. ही वरची नंतरची. कोणी लावली?"

धाकटा गळ्यात हात बांधून उभा होता. त्याने दादाकडे पाहिले. कप्तान वाकून फळी पुसू लागला. धाकटा आपल्या बोटीवर निघून गेला.

मावशींनी दोन यंत्रांसाठी दोन जाड, अखंड वायरी आणल्या. पण वर जाणारी नळी अरुंद आणि वाकडी होती. म्हणून त्यांनी माझा जोड सुतळीने घट्ट आवळला आणि माझ्या खालच्या टोकाला त्या नव्या वायरी बांधल्या. "वरून ओढा, हळूहळू. ही तुटली तर नव्या मधेच अडकतील."

कप्तान ओढू लागला. वळणावर जोड ताणला गेला, पण मी धरून राहिले. मी बाहेर येत गेले आणि माझ्या जागी त्या दोघी आत येत गेल्या. ज्या जोडाने घात केला, त्यानेच हे शेवटचे काम केले.

यंत्रे जोडून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "बटण दाबा, बोला आता काहीतरी."

कप्तानाने बटण दाबले. आकडा विझला नाही.

"धाकट्या, ऐकू येतंय?"

"येतंय, दादा."

कप्तानाने पुन्हा बटण दाबले. मी त्याच्या पायाशी पडले होते, त्याची नजर माझ्यावरच होती.

"वायरचा दोष नव्हता रे. जोड सडलाय हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. ती पट्टी मीच लावली."

त्याने बटण सोडले. आकडा आपला स्थिर उभा होता. मग धाकट्याचा आवाज आला, "हे काल धक्क्यावर सांगायचं होतंस, दादा."

मित्रांनो, मला एवढेच मागायचे आहे. तुमच्याही घरात, बोटीत कुठेतरी फळीखाली माझ्यासारखी एखादी असेल. तिची खोड तुम्हाला कळली, तर वरून आणखी एक पट्टी गुंडाळू नका. फळी उघडीच ठेवा आणि त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.