भवानीच्या तीन पुड्या

सासूला माल विकणारा जावई तुम्ही कधी बघितलाय? मी बघितलाय. आमच्याच ओटीवर, तोंडवलीत, पाटावर मांडी घालून, सासूनेच केलेला चहा पीत पीत विकत होता.

हरिश्चंद्र त्याचं नाव. माझी नणंद तुळसा, तिचा नवरा. ज्याने हे नाव ठेवलं त्याला धरून विचारायला हवं, की बाबा रे, दुसरं काही सुचलं नाही का? दोन वर्षांपूर्वी तुळसाच्या बांगड्या विकून हे महाशय सौदीला गेले. तिकडे म्हणे एका कोरियन कंपनीत रस्ते बांधायचं काम. तुळसा तेव्हापासून माहेरी, म्हणजे आमच्याकडे. विहिरीवर कुणी विचारलं की मान वर करून सांगायची, "आमचे सौदीक आसत." पैसे म्हणाल तर कधीतरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती एखादं पाकीट. त्यात बाईच्या साबणाचा खर्च निघाला असेल नसेल.

तर असा हा माणूस वैशाखात परत आला. वाडीतली माणसं ओटीवर गोळा झाली. कुणाला वाटत होतं सोनं निघेल, कुणाला वाटत होतं टू-इन-वन निघेल. दोरी सोडली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून काय निघालं? लालभडक पुड्या! वरून दाबल्या की आत कुरकुर वाजायचं. लिपी अशी की आमच्या अंगणात कोंबडी उकरते ती तरी वाचता येईल.

"कोरियन शेवया," हरिश्चंद्र म्हणाला. सौदीहून आल्यापासून त्याला मालवणी येईनाशी झाली होती. आमच्याशीही कचेरीतल्यासारखं बोलायचा. "तिकडचे साहेब लोक दोन्ही वेळा हेच खातात. मीही दोन वर्षं रोज हेच खाल्लं. हलकं असतं. पौष्टिक. बाळंतिणींनासुद्धा देतात."

"घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं," मी आतून म्हटलं. ऐकू जाईल एवढ्या आवाजातच म्हटलं.

हसण्यावारी गेलं असतं, पण जेवताना त्याने खरी गोष्ट काढली. ह्या शेवयांची सगळ्या कोकणची एजन्सी त्याला मिळणार होती. कणकवलीला हायवेवर दुकान टाकायचं, बोर्ड लावायचा. फक्त भांडवल हवं. आणि भांडवल कुठे होतं? आमच्या घरामागे, समुद्राकडे तोंड करून उभं होतं. अक्काची माडांची बाग. मुंबईच्या कुणा शेटाला किनाऱ्यावर लॉज बांधायचा होता, त्याच्याशी जावईबापू परस्पर बोलूनही आले होते.

अक्का म्हणजे माझी सासू. नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात दोन पोरं आणि मागे नुसती वाळू होती. खांद्यावरून पाणी वाहून तिने माड जगवले, काथ्या वळला, नारळ विकले. त्याच नारळांवर आमचे हे शिकले, पंचायत समितीत कारकून झाले, तुळसाचं लग्न झालं. ह्यांच्या पगारात महिना निघत नाही, तो माडांवर निघतो. बाग गेली तर अक्काच्या म्हातारपणाचं काय आणि माझ्या पोरांचं काय, हा विचार करून माझा जीव अर्धा झाला होता. पण जावई म्हटला की अक्काचं डोकं चालत नाही. "चेडवाचा भला होता तर होवंदे," लेकीकडे बघून म्हणाली. आणि आमचे हे? ह्यांनी भात कालवत कालवत सांगितलं, "बघूया." ह्या माणसाच्या 'बघूया'वर एक दिवस घर वाहून जाईल.

मुहूर्त ठरला. आमच्यात नवीन काही सुरू करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, मगच हात लावायचा. तोवर एकही पुडी फोडायची नाही, असं हरिश्चंद्राने बजावलं. आणि मग, देवा रे देवा, तो मला म्हणाला, "वहिनी, पहिली विक्री घरातच होऊ दे. तीन पुड्या तुम्ही घ्या."

"घ्या म्हणजे?"

"म्हणजे विकत. भवानी फुकट होत नाही, वहिनी. अपशकुन असतो. घरचे म्हणून थोडी सवलत देतो."

सवलत देतो! ज्या घरात बायको दोन वर्षं बसवलीन, त्या घराला सवलत! मी अक्काकडे बघितलं. अक्का म्हणाली, "दी गो, भवानी आसा." एका पुडीच्या पैशात बाजारात बांगडा मासळीचा चांगला वाटा आला असता. मासळीसाठी ठेवलेले पैसे मी त्याच्या हातावर आपटले आणि तो आठवडाभर घरात कुळथाची पिठी शिजली. जावयालाही तीच वाढली. नाक मुरडलंन, तेव्हा म्हटलं, "भावोजी, मासे तुमच्याच खिशात आहेत."

मुहूर्ताच्या दिवशी गंगाराम गावकार आला. गाऱ्हाणं तोच घालतो, आणि त्याला जेवण मिळणार असेल तर जरा लांबवूनच घालतो. पानविडा मांडला, नारळ ठेवला, खोकं समोर ठेवलं. गंगारामने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान परमुलखातसून शेवयो हाडल्यान, तेच्या धंद्याक यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आनी ह्येच्यात काय वाकडांनाकडां आसात, तर तां दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या खेपेला माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

जेवणं झाली की शेटाचा माणूस येणार होता, कागद घेऊन. अक्काला सही येत नाही. अंगठ्यासाठी शाईचा डबा हरिश्चंद्राने आधीच आणून कोनाड्यात ठेवला होता. एवढी तयारी त्याने स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

मी आणि अक्का चुलीपाशी गेलो. अक्काने पहिली पुडी फोडली आणि तिचा चेहरा उजळला. "अगो, हे तर शिरवाळे!"

शिरवाळे आमच्याकडे घरोघर होतात. तांदळाची उकड साच्यातून दाबून शेवया काढायच्या आणि नारळाच्या गुळ घातलेल्या रसात बुडवून खायच्या. अक्काने लगेच नारळ फोडला, रस काढला, गूळ किसला, वेलची कुटली. तीन पुड्यांत एवढ्या माणसांचं काय होणार? तिने आपल्या तांदळाचे शिरवाळे वेगळे दाबले, परदेशी शेवया त्यात मिसळायच्या म्हणून. त्यांना फोरेनचा वास लागला की झालं.

मी बाहेर जाऊन विचारलं, "भावोजी, हे कसं करतात तिकडे? अक्का गोड रसात घालतायत."

"अगदी बरोबर!" तो म्हणाला. "तिकडेही गोडच."

"आणि आत ही छोटी पुडी निघाली, तिचं काय करायचं?"

त्याने चांदीच्या कागदाची पुडी लांबून बघितली. "ती टाकून द्या. औषध असतं ते, माल दमट होऊ नये म्हणून. टेपरेकॉर्डरच्या खोक्यात पण असते."

मी आत आले. मोठी पुडी उलटी केली. मागे चित्रं होती. पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात शेवया, आणि शेवयांवर एक हात ती छोटी पुडी ओततोय. चित्र बघायला कोरियन शिकावं लागत नाही. मी छोटी पुडी फाडली. आत लाल पूड. जिभेला लावली मात्र, कानशिलं तापली! मिरची, लसूण, मीठ. आमच्या मालवणी मसाल्याची कुणी तरी दूरची, तापट बहीण. हे औषध? हे बाळंतिणीला?

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षं रोज खाणाऱ्या ह्या बाबाने जन्मात एक पुडीसुद्धा फोडलेली नव्हती. मग हा होता कुठे? आणि ह्याच्या शब्दावर अक्का अंगठा उठवणार?

मी मान वर केली तर दारात तुळसा उभी. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्या हातातून पुडी घेतली, चित्रं बघितली, एकेक करून, शेवटपर्यंत. मला वाटलं आता रडेल. ती खाली बसली आणि चूल फुंकायला लागली. मग म्हणाली, "वहिनी, एक पुडी भायर काडून ठेय. तेंका चित्रातल्यासारखां करून घाल."

"आणि ही पूड किती घालू? एका पुडीला एक आहे."

"तीनव घाल. पैशे मोजलंस मां? टाकतंस कित्या?"

तीन पुड्यांची पूड एका वाडग्यात गेली. शिजताना खोकून खोकून माझी पुरेवाट झाली.

पानं मांडली. पंगतीला हरिश्चंद्र, गंगाराम आणि आमचे हे. आधी अक्काचे शिरवाळे वाढले. गंगारामने दोन घास घेऊन म्हटलं, "आमच्यासारकेच लागतत."

"छे छे, फरक आहे," हरिश्चंद्र म्हणाला. "पण चव मात्र हुबेहूब! डोळे मिटले की वाटतं, सौदीतच बसलोय." आणि मेल्याने खरंच डोळे मिटले.

ते उघडायच्या आत मी वाडगा त्याच्या पुढ्यात ठेवला. लालेलाल, वाफाळणारा. "भावोजी, एक पुडी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. तिकडच्यासारखी केलीय."

त्याने वाडग्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. गंगाराम बघत होता, अक्का बघत होती. नाही म्हणणार कसा? मोठा घास घेतलान आणि गिळलान.

मालवणी परत आली! "मेलंय मेलंय! पानी हाडा! वहिनी, काय इख घातलंत ह्येच्यात?"

"तुमचं औषध," मी म्हटलं. "पुडीतलं. दोन वर्षं रोज खाल्लंत, ओळखलं नाहीत?" आणि चित्राची पुडी अक्काच्या हातात दिली. अक्काला अक्षर येत नाही, पण तिने ती उजेडाला धरून बघितली. पातेलं, पाणी, शेवया, लाल पूड. मग बघितलं घाम पुसणाऱ्या जावयाकडे.

"जावयबापू," ती हळूच म्हणाली, "दोन वर्सां खंय व्हतास?"

तो मुंबईत होता. एजंट बांगड्यांचे पैसे घेऊन पळाला, विमानाचं नखही दिसलं नाही. गोदीजवळच्या एका लॉजवर रजिस्टर लिहीत होता. खोकं कुणा खलाशाकडून पडेल भावात उचललं होतं. परत यायची लाज वाटली म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, बिचारा फसला. फसलेल्या माणसाची मलाही कीव येते. तो हात हलवत परत आला असता तर मी स्वतः त्याला माशांचं तिखलं करून वाढलं असतं आणि एजंटला शिव्या घातल्या असत्या. पण स्वतः फसला आणि मग म्हातारीला फसवायला आला, तेही तिच्याच पाटावर बसून, तिच्याकडून भवानी घेऊन! अशा माणसाची कीव करायला माझ्याकडे पैसे नाहीत.

अक्का उठली. कोनाड्यातला शाईचा डबा घेतला आणि चुलीत टाकला. "बाग इकूची नाय," म्हणाली.

"होय म्हाराजा!" गंगारामच्या तोंडून सवयीने गेलं. तोंडात घास होता तरी गेलं.

आमचे हे म्हणाले, "बरोबर आहे." बाग वाचल्यावर!

हरिश्चंद्र पाटावरून उठायला लागला. तेवढ्यात तुळसा बाहेर आली. एवढा वेळ ती आतच होती. आली आणि त्याच्या पुढ्यात, अगदी समोर, जमिनीवर बसली. पदर सारखा केला.

"उठतास खंय? पानात टाकूचा नाय. जावय आसास."

"तुळसा, गो..."

"दोन वर्सां मी विहिरीर सांगतंय, बाजारात सांगतंय, देवळात सांगतंय, माझो घोव सौदीक आसा. बायो हसत. मी तेंका खोटां पाडी." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "माजां बोलणां खोटां करू नका. रोज खायत व्हतास मां? खावा."

आमच्याकडे जावयाला आग्रह करून वाढायची रीत आहे आणि जावयाने नाही म्हणायचं नसतं. कुणीच मध्ये पडलं नाही. अक्काही नाही. त्याने खाल्लं. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, तो खात होता. ती नजर न हलवता बघत होती. शेवटची शेवई गेली, त्याने वाडगा खाली ठेवला आणि हात धुवायला तांब्या शोधू लागला.

तुळसाने वाडगा उचलला.

"आनी वाडू?" तिने विचारलं. "खोको भरून आसा."