वागिरची सनद

अर्जाच्या तिसऱ्या पानावर खरवडीचा उल्लेख आला आणि पोनिदीने हातातली लेखणी खाली ठेवली.

'डचांशी लढाई हरल्यावर राजपुत्र वातुरेजा गावी आले व अर्जदाराच्या खापरपणजीच्या गोठ्यात सात दिवस लपून राहिले. तिने ताजा भात वाढला असता त्यांनी तो परत करून भांड्याच्या बुडाची खरवड मागून घेतली. पुढे त्या बाईस दिवस गेले...'

अर्जदार होता वागिर. वाळूचे चाळीस ट्रक आणि दोन हॉटेलांचा मालक. एके काळी वातुरेज्याच्या ओढ्यात पोनिदीच्या बरोबरीने म्हशी धुणारा वागिर.

गोष्ट पोनिदीच्या आजीची होती. गोठा तिच्या आजीचा, सात दिवस तिचे, दिवस गेले तेही तिलाच. खरवड मात्र आजीनेही कधी सांगितली नव्हती. ती पोनिदीने नऊ वर्षांचा असताना, म्हशीच्या पाठीवर बसून, वागिर जांभया द्यायला लागला म्हणून पदरची घातली होती. तेव्हा वागिर खदखदून हसला होता. "तुझा खापरपणजोबा राजपुत्र? मग तू म्हशी का रे धुतोस?"

आता तीच खरवड टंकलिखित होऊन, शिक्क्यासह, पोनिदीच्या बैठ्या मेजावर आली होती.

सव्वीस वर्षे तो राजवाड्याच्या दप्तरात मांडी घालून बसत आला होता. राज्य केव्हाच गेले होते, पण पदव्या शिल्लक होत्या, आणि त्या जावा बेटाच्या जुन्या लिपीत सुबक लिहून देणारा दप्तरात तो एकटाच उरला होता. वाड्यात त्याला हस्तपुस्तक म्हणत. नाव भारदस्त, हुद्दा खालून दुसरा. पगारातून मोटारसायकलचे पेट्रोल निघे. घर बायकोच्या भाजी-भाताच्या टपरीवर चाले. आपणही त्या राजपुत्राचेच, हे त्याने दप्तरात कधी काढले नाही. कागद नव्हता. पण वाड्याच्या फरशीवर अनवाणी चालताना तो ते मनात धरून चाले, तेवढ्यावर त्याची पाठ ताठ राही.

तो अर्ज घेऊन न्दोरो, म्हणजे धनी, पुरुबोयोंकडे गेला. दप्तराचे प्रमुख, राजांचे चुलतभाऊ. डोळ्यांत मोतीबिंदू.

"न्दोरो, ह्यात एक अडचण आहे. ही हकीकत खरी नसावी."

"तुला काय ठाऊक?"

माझी आहे म्हणून, असे तोंडाशी आले. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की पुरावा काय? पुरावा म्हणजे ती खरवड, आणि ती तर त्याने स्वतःच भाजली होती.

"असंच वाटलं."

न्दोरो हसले. "आमची वंशावळ तूच उतरवलीस ना मागे? उजवीकडून पैगंबरांना भिडते, डावीकडून अर्जुनाला. आणि मूळपुरुष कोण होता? जंगल तोडून शेत काढणारा एक दांडगा गडी. आजूबाजूची चार गावं त्यानं मारली. लोक थरथरत होते तोवर त्याला अर्जुनाची गरज पडली नाही. मुलगा मऊ निघाला, तेव्हा तुझ्यासारखा एक कारकून बोलावला. लिही म्हणाले, त्यानं लिहिलं."

"पण वागिर—"

"मंडपाची कौलं बदलून दिली त्यानं. सगळी. गेल्या पावसात गादीशेजारी पातेलं मांडलं होतं, विसरलास?"

"आणि माझी बढतीची अर्जी, न्दोरो? दोनदा दिलीय."

"आहे की. कुठं जातेय ती?"

घरी सुमिराह शेंगदाण्याची चटणी वाटत होती. तिच्या कानावर बातमी आधीच पोचली होती.

"वागिरभाऊ तुमेंगुंग होणार म्हणे. तुमच्यापेक्षा किती पायऱ्या वर?"

"सात."

"अगंबाई! आणि तुम्ही सव्वीस वर्षांत किती चढलात?"

"वाट ना चटणी."

"वाटतेच आहे. वाटते म्हणून तर तुम्हाला दरबारात जाता येतं." मग वरवंटा थांबवून ती म्हणाली, "बाकी त्यांना शोभेल हो. उंचीच तशी आहे."

तो जेवला नाही. उंची! लहानपणी वागिर त्याच्या खांद्याला लागत होता. झाडावर पोनिदी आधी चढायचा, शाळेत पोनिदीचे अक्षर वळणदार, मास्तर वागिरचा कान पिळून त्याला पोनिदीची पाटी दाखवायचे. मग वागिरने एक मोडका ट्रक घेतला आणि तिथून सगळे उलटे झाले. ते सगळे पोनिदीने गिळले होते. ट्रक त्याचे, हॉटेल त्याचे, होऊ देत. पण गोष्टही? छातीत कोणी मिरची ठेचावी तशी आग होत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने सनद लिहायला घेतली. जाड पिवळसर कागद, कडेला सोनेरी वेल. असे सुंदर अक्षर त्याने आयुष्यात काढले नव्हते. रागाने हात कापेल असे त्याला वाटले होते, पण तो उलट स्थिर झाला. 'राजपुत्राचा पाचव्या पिढीचा वंशज' इथे तो आला. वंशज म्हणजे तुरुन. पहिली दोन अक्षरे, दोन्हींना उकार. पोनिदीने दाराकडे पाहिले. मग पहिल्या उकाराच्या जागी वेलांटी दिली आणि दुसऱ्याला ओकार. तिरोन. म्हणजे नक्कल.

वागिर, राजपुत्राची पाचव्या पिढीची नक्कल.

न्दोरोंनी कागद डोळ्यांजवळ धरला, "झकास" म्हणाले आणि शिक्का मारला.

समारंभाच्या दिवशी नव्या कौलांखाली वागिर काळी मखमल आणि बाटिक नेसून चालत आला. हुद्द्याप्रमाणे पोनिदी सर्वांत मागे फरशीवर बसला होता. वागिर समोरून जाताना रिवाजाप्रमाणे त्याने हात जोडून नाकापर्यंत नेले. वागिर क्षणभर थबकला, काही बोलणार असे वाटले, पण वाद्ये वाजू लागली. हात खाली घेताना पोनिदी मनात म्हणत होता, आता कोणी तरी वाचेल. सनद हातोहात फिरली. पाहुण्यांनी बोट फिरवून सोनेरी वेलीचे कौतुक केले, फोटो काढले. कोणालाच ती लिपी येत नव्हती.

सनद चौकटीत बसून वागिरच्या घरी गेली. आठवडे गेले, महिने गेले. आपण त्याच्या कपाळावर शिवी कोरली आणि ती वाचणारे जगात आपण एकटेच, हे पोनिदीला कळून चुकले. सूड घेतल्याचे सुख सोबतीशिवाय किती दिवस पुरणार?

मग एका सकाळी वागिरच दारात आला. साधा सदरा, दाढी वाढलेली.

"पोन, आईनं अंथरूण धरलंय. कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणते. घरात कोणाला वाचता येत नाही. चल."

तुंपुकमावशी वातुरेज्याच्या जुन्या घरातच राहत होती. मुलाने बांधलेल्या बंगल्यात ती कधी गेलीच नाही. चटईवर ती मूठभर उरली होती. तिच्या समोरच्या भिंतीवर, माडाच्या झापांवर, वागिरने तिच्यासाठी आणून लावलेली ती सोनेरी चौकट.

"पोन आला का रे? जेवलास का?"

"जेवलो, मावशी."

"खोटं बोलतोस. बरं, वाच."

तो वाचू लागला. राजांचे नाव, बिरुदे, तिथी. शब्द जवळ येऊ लागला तसा तो सावकाश वाचू लागला. चांगले स्वच्छ लिहिले होते, काळ्या शाईत. वागिर दाराला टेकून ऐकत होता.

"...राजपुत्राचा पाचव्या पिढीचा," पोनिदी म्हणाला, आणि थांबला. "तुरुन."

म्हातारीने चौकटीकडे मान वळवली. मग म्हणाली, "राजपुत्र कुठला, गोठ्यातला?"

"हो."

"अरे पोन, ती तर तुझ्या आजीची गोष्ट. भात कांडताना सांगायची ती मला. आमचा कसला आलाय गोठा? आमच्याकडं तर कोंबडीसुद्धा नव्हती."

वागिरने मान खाली घातली. चाळीस ट्रकांचा धनी, पण अंगठ्याने जमीन उकरत होता. सव्वीस वर्षे पोनिदीने ह्या क्षणाची वाट पाहिली असती, तर तो असाच दिसला असता. फक्त 'हो मावशी' म्हणायचे होते.

"आजीचं वय झालं होतं मावशी," तो म्हणाला. "ऐकलेलं सगळं स्वतःचंच समजायची. गोष्ट तुमच्याकडचीच."

"असं?" म्हातारीने डोळे मिटले. "मग बरंय. मला कोणी सांगितलं नाही."

बाहेर येऊन दोघे केळीखाली उभे राहिले. वागिरने सिगारेट पुढे केली, पोनिदीने घेतली.

"बोलला का नाहीस?"

"तू चोरलीस का ते आधी सांग."

"दुसरी कुठली घेणार? मला एकच येत होती." वागिर धूर सोडत राहिला. "तू म्हशीवर बसून सांगायचास ना, तेव्हा मी हसायचो. पण जळायचो रे. घरी येऊन आईला म्हणायचो, आपल्याकडं कोण येऊन गेलं? ती म्हणायची, कोण येणार, जाऊन पाणी आण. ट्रक घेतले तरी ते जाईना. वाटायचं, पोनकडं राजपुत्र आहे. आणि ती खरवड! मी तर म्हणतो, त्या खरवडीमुळंच ती खरी वाटते."

पोनिदीला हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले. खरवड कोणाची हे त्याने सांगितले नाही. निदान तेवढी तरी आपल्यापाशी राहू दे, असे त्याला वाटले.

"वागिर, त्या सनदेत एक शब्द माझ्याकडून चुकलाय. दोन मात्रा. नवी लिहून आणतो."

"कोणाला कळणारेय?"

"मला कळतंय."

वागिरने त्याच्याकडे रोखून पाहिले. काही ओळखले असावे, पण विचारले नाही. आत जाऊन त्याने चौकट काढली, कापडाने पुसली आणि स्वतःच्या हाताने दोरीने पोनिदीच्या पाठीवर बांधली.

कालव्याच्या अरुंद वाटेने पोनिदी मोटारसायकलवर हळूहळू निघाला. उन्हात सोनेरी वेल आणि राजांचा लाल शिक्का दुरून चमकत होता. कडेला गवत कापणाऱ्या एका म्हाताऱ्याने मान वळवून पाहिले, विळा खाली ठेवला, वाटेतून उतरून चिखलात उभा राहिला आणि दोन्ही हात जोडून कमरेत वाकला. सवयीने पोनिदीही वाकणार होता. पण पाठीवरची चौकट आडवी आली, वाकता येईना. तो तसाच ताठ बसून म्हाताऱ्याच्या पुढून निघून गेला.