पाहुण्याची भाषा

डोंगरधारेवरची सरहद्द कोणी आखली हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. ती गावाच्या सोयीसाठी आखलेली नाही, एवढे मात्र शेळ्यांनाही ठाऊक होते. गावात तीन भाषा नांदत: सौदा एकीत, भांडण दुसरीत, अंगाई तिसरीत. पाहुण्याशी मात्र पाहुण्याच्याच भाषेत बोलायचे, हा रिवाज हाडीमांसी मुरलेला.

सरकारी साहेब आले होते ते गावात सरहद्दीपलीकडची भाषा खरोखर बोलतात का, हे तपासायला. बोलत असतील, तर खिंडीतले फाटक बाजारच्या दिवशी पूर्वीसारखे उघडे राहणार. नसतील, तर उद्यापासून कायमचे बंद. शिंपिणीची आई फाटकापलीकडे अंथरुणाला खिळलेली होती.

साहेबांच्या कोटाचे बटण उसवून लोंबू लागले, म्हणून चौकशी शिंपिणीच्याच दुकानात थाटली गेली. कोट तिच्या मांडीवर, साहेब एकुलत्या एका खुर्चीत. एकेक गावकरी उंबऱ्याशी येऊन साहेबांच्या भाषेत अशी साखर पेरी, की तिच्या बोटात पुन्हा पुन्हा सुई घुसे.

"घरी कोणती भाषा बोलता?" साहेबांनी लोहाराला विचारले.

"आपण म्हणाल ती," लोहार अदबीने उत्तरला.

शिंपीण सासऱ्यांच्या कानाशी लागली. "मामंजी, निदान तुम्ही तरी आपल्या भाषेत बोला! फाटक जाईल हो."

"पाहुण्यासमोर? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि माझी आई?"

"तीही हेच म्हणेल. विचार तिला."

"उद्यापासून कुठून विचारू?"

एवढ्यात साहेब तिच्याकडे वळले. "बाई, तुमचं काय?"

ती उठली आणि आईच्या, पलीकडच्या भाषेत, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. लोहाराने शरमेने मान खाली घातली.

"काय म्हणाल्या?"

पाहुण्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे नसते, हाही रिवाजच. मामंजींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "चहा घेणार का, विचारतेय."

"धादांत खोटं!" शिंपीण आता साहेबांच्या भाषेत कडाडली. "माझी आई पलीकडे खाटेवर पडलीय. फाटक बंद केलंत तर तिचं तोंडसुद्धा दिसणार नाही मला, असं म्हणाले मी!"

साहेबांना वाईट वाटले असावे. सुशिक्षितांना ते बेताबेतानेच वाटते. मग त्यांचा चेहरा खुलला. "वा! किती शुद्ध बोलता! पाहिलंत ना, अगदी पोटातलं सांगायची वेळ आली की आपलीच भाषा ओठी येते."

उंबऱ्यावरच्या मंडळींनी सौजन्याने माना डोलावल्या.

तिने दाराबाहेर पाहिले. आजचा बाजार अजून उठला नव्हता. वर खिंडीत फाटक उघडे होते. तिने कोट साहेबांच्या मांडीवर टाकला, बटण लोंबत होते तसेच, आणि पायांत चपला न सरकवता ती चढाला लागली.

"अगं, थांब! परत कशी येशील?" मामंजी मागून जिवाच्या आकांताने ओरडले. साहेब अजून खुर्चीत होते. म्हणून ते ओरडणेही साहेबांच्याच भाषेत.