दीपमाळेचा मान

दैवशालाला दिल्लीत वारसा जतनाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात पेढ्यांऐवजी प्रश्नच वाटले गेले. बी.एड. का नको? दगड राखून पोट भरतं का? वस्तुसंग्रहालयं आहेत, पुरातत्त्व खातं आहे, देवस्थानं आहेत आणि जाणती माणसंच कमी आहेत, हे तिनं एकेकाला पटवलं. उरले वडील, तातेराव. त्यांच्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती.

परतूरजवळच्या त्यांच्या गावात महादेवाची दगडी दीपमाळ आहे. जत्रेआधी तिला ऑइलपेंट द्यायचा मान याच घराचा. त्या रंगाखाली दगडात ओल कोंडते आणि तो फुटतो, हे दैवशालाला आता कळत होतं. पण बापाला सांगायचं कोणत्या तोंडानं? तोंड एकच होतं, त्यानंच सांगितलं.

"आबा, औंदा रंग नगं. खालचा वीतभर तुकडा मला साफ करायला द्या. न्हाई पटलं तर मी बी.एड. करते."

"मंग बिलकुल मागं फिरायचं न्हाई," तातेराव म्हणाले.

तिनं रंग सुटायचा लेप लावला, वर प्लास्टिक गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बांबूच्या चिपेनं अलगद खरवडायला बसली. तातेराव मदतीला खुरपं घेऊन आले.

"खुरपं न्हाई, आबा. दगडाला लागतं."

कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं, खुरपं बाजूला ठेवलं. केशरी निघाला, निळा निघाला, मग हिरवा. "ह्यो माझ्या बापानं लावल्ता," ते हळूच म्हणाले. त्याखाली पांढरी लांबी, रंगाऱ्याची पुट्टी, लागली. "हितं उंचसखल होतं. सपाट दिसावं म्हून तवा बापाच्या हाताखाली म्याच भरली."

लांबी निघाली आणि हत्ती दिसला. त्याच्या मागं, शेपूट धरलेलं पिल्लू. तातेराव पायरीवर टेकून जवळून बघू लागले. चांगलं दिसावं म्हणून त्यांनी हत्तीच बुजवले होते. दैवशालाला बापाची फार दया आली, पण तिनं हात थांबवला नाही. पलीकडं आणखी एक सोंड दिसू लागली.

जत्रेत तिचा मामा भुजंग सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, औंदा रंग न्हाई? घराण्याचा मान सोडला का? अन् पोरगी दिल्लीला काय शिकायला चालली म्हणं?"

तातेरावांनी फेट्याचा शेव मागं टाकला.

"म्या लावलेलं काढायला," ते म्हणाले. "ती शिकून येईस्तोवर दीपमाळेला कुणी बोट लावायचं न्हाई. मान अजून आमचाच हाय."