वायर तुटली तर

दादा जाऊन दहा महिने झाले, तरी त्याच्या खोलीतला सर्व्हर चालूच होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जाड पुस्तकाएवढा काळा डबा. त्याने आणि तिने, दोघा बहीणभावांनी मिळून लसी ठेवायच्या शीतखोल्यांसाठी नियंत्रक यंत्रं बनवली होती. त्यांचा सगळा प्रोग्राम त्या डब्यात होता आणि कुठली ओळ कोणी, कधी बदलली याची बारीकसारीक नोंदही. परक्या कंपनीच्या हवाली काही करायचं नाही, हा दादाचा हट्ट. तो होता तेव्हा तिचं काम लांबून व्हायचं. तो गेल्यावर वहिनीने इंटरनेटची लाइन बदलली, नवा राउटर आला आणि बाहेरून आत यायची वाट बुजली. मग दर शनिवारी तीन तास बसमध्ये अंग आंबवायचं, आठवड्याचं काम डब्यात चढवायचं आणि रविवारी परत निघायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी तिने ती बुजलेली वाट उघडायचं काम हातात घेतलंच. राउटरमधून सर्व्हरपर्यंत वाट काढली. पासवर्डने येणं बंद केलं. ज्या संगणकाची किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी सांकेतिक खूण, यादीत असेल तोच आत येणार. यादीत तीन किल्ल्या निघाल्या. एक तिची. दुसरी दादाच्या लॅपटॉपची; तो पुसून कधीच देऊन टाकला होता, म्हणून ती ओळ खोडली. तिसरीपुढे दादाने लिहिलं होतं, ‘शीतगृह चाचणी’. बंदराजवळच्या एका शीतगृहात त्याने चाचणीसाठी संगणक बसवला होता, त्याची. पुढेमागे लागेल म्हणून ती तिने राहू दिली.

“म्हणजे आता तू यायची नाहीस,” वहिनी दारात उभी राहून म्हणाली.

“येईन की. फक्त डब्यासाठी नाही, तुझ्यासाठी.”

“बघू,” म्हणून वहिनी हसली, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

सोमवारी दुपारी आपल्या कचेरीतून तिने सर्व्हर उघडला. पहिल्या फटक्यात लागला. ती खुशीत आली. मग बदलांच्या यादीत सगळ्यात वरची नोंद दिसली. बदल अर्ध्या तासापूर्वीचा होता. करणाऱ्याचं नाव दादाचं. खाली एकच ओळ: ‘चिमणे, वायर तुटली तर?’

चिमणी तिला एकटा दादाच म्हणायचा. तेही घरात.

कोणीतरी आत घुसलं, हा पहिला विचार. तिने सर्व्हरची हजेरी, म्हणजे कोण कधी कुठून आत आलं याची नोंद, तपासली. आत आलेली किल्ली शीतगृहाची होती, पत्ताही तिथलाच. तिचा जीव भांड्यात पडला. दादाने आधीच काहीतरी लिहून ठेवलं असेल, तो संगणक बिचारा दहा महिने बंद दारावर धडका देत असेल, काल वाट उघडली आणि साठलेलं आत आलं. पण बदललेली ओळ तिने स्वतः गेल्या गुरुवारी लिहिली होती.

तिने शीतगृहात फोन लावला. यंत्रघर सांभाळणारे गृहस्थ भले होते.

“दादांचा कॉम्प्युटर ना? हा काय माझ्यासमोर, फळीवर. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलाय.”

“चालू आहे?”

“चालू कसा असेल, मॅडम? वायरच काढलीय. दादा गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात. का हो, पाठवून देऊ का?”

“नको,” ती म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

टेबलावर नियंत्रक यंत्र होतं. तिने आधी आपला प्रोग्राम त्यात भरला, तापमान मोजणारी वायर उपटली. पडद्यावर मघाचेच चार अंश दिसत राहिले. एक मिनिट, पाच मिनिटं, वीस मिनिटं. खोली तापून लसी वाया गेल्या असत्या तरी यंत्राने हूं की चूं केलं नसतं. मग वायर परत जोडून दादाच्या नावाचा बदल भरला. वायर उपटली. तिसऱ्या सेकंदाला भोंगा असा किंचाळला की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. परवा याच यंत्रांची पहिली खेप दवाखान्यांना जायची होती.

तिने बदल ठेवून घेतला आणि वहिनीला फोनवर सगळं सांगितलं, काही न लपवता. वहिनी घाबरेल, निदान रागावेल, असं तिला वाटलं होतं.

“काय लिहिलंय म्हणालीस?” तेवढंच वहिनीने विचारलं. मग सावकाश म्हणाली, “काल तू गेल्यापासून डब्याचा पंखा जोरात फिरतोय. मला वाटलं, तूच काही करतेयस.”

“वहिनी, ती किल्ली राहू देऊ? तू म्हणशील तसं.”

फोनमधून पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू आली.

“काढ,” वहिनी म्हणाली. “जिवंत होते तेव्हाही कामापायी धड झोपले नाहीत. आता तरी झोपू देत.”

तिने ओळ खोडली. पाचच मिनिटांत हजेरीत नवी नोंद उमटली: शीतगृहाच्या पत्त्यावरून कोणीतरी आलं, किल्ली चालली नाही, प्रवेश नाकारला. ती पुढच्या नोंदीची वाट बघत राहिली. यंत्र असतं तर पुन्हा आलं असतं. यंत्रांना नकार कळत नाही, ती मिनिटामिनिटाला दार वाजवतात. संध्याकाळ झाली, कचेरी रिकामी झाली. दुसरी नोंद आली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, कधीच नाही.

एकदाच विचारून तो गेला होता. टेबलावर डोकं टेकून ती त्या दिवशी, दहा महिन्यांत पहिल्यांदा, मोकळेपणाने रडली.