फक्कीचं घर

ओसरी

बदनापूरला स्टेशनामागच्या प्लॉटवर मिस्त्री सकाळीच चुन्याची फक्की मारून गेला होता. पांढऱ्या रेघांचं घर. भिंती नाहीत, छप्पर नाही, तरी नंदाबाईंनी चपला रेघेबाहेर काढल्या.

"आई, घर झालं नाही अजून," आकांक्षा व्हिडिओ कॉलवर हसली.

ती रॉटरडॅममध्ये, ऑफिसला निघायच्या आधी, खिडकीशी बसली होती. आर्किटेक्चरची डिग्री हातात पडल्या पडल्या तिकडं गेलेली. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या संडास-बाथरूमचे नकाशे काढायची. हे मात्र तिनं एकटीनं काढलेलं पहिलं घर. दिवाळीत ती कायमची परत येणार, वास्तुशांत तेव्हाच करायची, असं ठरलं होतं.

ते आता मोडलं होतं. आणखी तीन वर्षांच्या करारावर तिनं सही केली होती, आणि घरी सांगायला तोंड उघडत नव्हतं. आज सांगू, सगळं घर दाखवून झालं की लगेच सांगू, असं घोकत ती

बैठक

मध्ये आली. म्हणजे तिच्या वडिलांनी, रामप्रसादांनी, फोन आत नेला.

"इथं टीव्ही. इथं मी."

"आन मी कुठं बसू?" नंदाबाई म्हणाल्या.

"तुला बसायला टाइम कुठंय?"

"बराबर. तुमचा चहा करून राह्यले ना जल्मभर."

सैपाकघर

रेघ ओलांडून जाता आलं असतं. नंदाबाई दारातून वळून आत गेल्या. हात पसरून ओटा मापला, खाली बसल्या, उठल्या.

"खिडकी?"

"डाव्या हाताला."

डावीकडं शेजारच्या प्लॉटातली बाभळ होती. नंदाबाईंनी तिच्याकडं अशी नजर टाकली, जशी रोज टाकायची आहे.

"ब्येस काढलं पोरी."

झोपायची खोली

पलंग मावला. कपाट मावलं. नंदाबाई मागच्या रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"संपलं?"

"हो."

"तुझी खोली कुठंय?"

(            )

ऑफिसात शिकवलं होतं: जो राहणार, त्याच्यापुरती जागा काढायची. हात आपसूक तसाच चालला होता, फक्त आई-पप्पांपुरता. कागदावर आईला कळलं नसतं. जमिनीवर ती चालून आली होती.

मागून मालगाडी गेली.

"आई, मी दिवाळीत येते. पण परत जायला. अजून तीन वर्षं हायेत. मी सही करून बसले."

रामप्रसादांचा हात खाली गेला. आकांक्षाला फोनमध्ये नुसती माती दिसत राहिली, आणि वडिलांचे फक्की लागलेले बूट.

मग आवाज आला, "ह्याच्यावर मजला चढंल का?"

"नाही पप्पा. कॉलम तेवढे जाड नाहीत. पायापासून बदलावं लागंल. खर्चा वाढंल."

"खर्चा इचारला का मी? एमआयडीसीत सळया पाडण्यात उमर गेली माझी. पोरीच्या खोलीला कमी पडतील व्हय? कॉलमचे गज वर उघडे राहू दे. काम बाकी हाये, दिसू दे लोकाला."

आकांक्षानं मान हलवली, पण खाली गेलेल्या फोनात ती कोण बघणार.

"आन जिना भाइरून काढू नको," नंदाबाईंनी फोन हिसकून घेतला. त्यांचे डोळे लाल होते, आवाज ठणठणीत. "भाइरून जिना किरायदाराला. तू आतून चढशील. आमच्यासमोरून."

"आतून घेतला तर बैठक लहान होईल, आई."

"हू दे."

जिना

रामप्रसाद बैठकीत गेले.

    खाली बघून अंदाज घेतला,

        आणि बुटाच्या टाचेनं रेघ पुसायला लागले.

            "इतकं बास?"

"अजून मागं या, पप्पा," आकांक्षा नाक ओढत म्हणाली. "अजून थोडं."